भिंतीवरचं चित्र कॅलेंडरवर नेताना: बडोद्यातल्या धंदेवाल्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी नवरात्र संपतासंपता एका हॉटेलचे मालक दांडिया बाजारातल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात आले. जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या लॉबीत एक मोठं तैलचित्र आहे, घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचं. म्हणाले, "ताई, यंदा कॅलेंडरवर हेच टाकायचंय. तुम्ही फक्त नीट फोटो काढून द्या."

मी विचारलं, चित्रकार कोण?

"गेले ते. वीसेक वर्षं झाली. पण चित्र आमचं आहे, पावती आहे."

मी म्हटलं, शेठ, त्यांच्या घरच्यांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर कॅलेंडर अजून चाळीस वर्षं थांबवा. ते हसले, आणि दुसरीकडून १,५०० प्रती छापून घेतल्या. जानेवारीत चित्रकाराची मुलगी दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि समोर भिंतीवर वडिलांचं चित्र. खालची सही कापून तिथे हॉटेलचा फोन नंबर. त्या मावशी भांडखोर नाहीत, म्हणून प्रकरण पैशांवर मिटलं. उरलेली सहाएकशे कॅलेंडरं रद्दीत गेली.

पावती खोटी नव्हती. पण त्या पावतीने शेठनी कॅनव्हास, रंग आणि फ्रेम घेतली होती. ते चित्र छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहिला होता, आणि त्याच्यामागे वारसांकडे. भिंतीवर लावणं वेगळं, छापणं वेगळं. कंपनी, दवाखाना, हॉटेल, मिठाईचं दुकान, कुणाकडेही पाच-पन्नास चित्रं असतील आणि ती धंद्यासाठी वापरायची असतील, तर पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

खरं तर बडोद्याला हे सांगावं लागू नये. संग्रहातल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात हा सल्ला राजा रविवर्मांना दिला तो इथल्याच दिवाणांनी, सर टी. माधवरावांनी, आणि ते तंजावरचे मराठी. पुढे १८९४ साली मुंबईत रविवर्मांचा छापखाना सुरू झाला. राजवाड्यांतल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, आणि हळूहळू काडेपेट्या, कापडाच्या ठाणांवरची लेबलं, साबणाच्या जाहिराती असं सगळीकडे पसरल्या.

आधी वही

कामाची सुरुवात कॅमेऱ्याने नको, वहीने करा. एक्सेल चालेल, पण छापील प्रतही ठेवा. प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्या आणि तो मागच्या लाकडी चौकटीवर मऊ पेन्सिलीने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर पेन चालवू नका, शाई पुढे उमटू शकते.

क्रमांकासमोर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम, फ्रेम सोडून उंची-रुंदी, कुणाकडून आणि कितीला घेतलं, पावती कुठे आहे, आणि सध्या चित्र कुठल्या मजल्यावर कुठल्या खोलीत आहे. दोन फोटो: समोरून आणि पाठीमागून. पाठीमागचा फोटो लोक टाळतात, पण खरी माहिती तिथेच असते. गॅलरीचं लेबल, प्रदर्शनाची चिठ्ठी, कधी चित्रकाराच्या हातचं दोन ओळींचं पत्र. एका औषध कंपनीच्या चित्रामागे मला इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधल्या वर्गाचा नंबर खडूने लिहिलेला सापडला. "कुणा विद्यार्थ्याचं असेल" म्हणून जिन्यात लावलेलं ते चित्र पुढे बरंच नावाजलेल्या माणसाचं निघालं. ते आता जिन्यात नाही.

वही नसली की काय होतं, याचं मोठं उदाहरण एअर इंडियाचं. या कंपनीने पन्नाससाठच्या दशकांत भारतीय चित्रकारांची कामं मुबलक घेतली, बुकिंग ऑफिसं आणि कॅलेंडरं सजवली. १९६७ साली साल्वादोर दालीकडून अॅशट्रेचं डिझाइन करून घेतलं आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू पाठवलं. धंद्यासाठी कलेचा इतका हुशार वापर आपल्याकडे क्वचितच झाला असेल. पण २०१७ साली त्यातलं काही जागेवर नाही अशी चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली, आणि मग मोजदादीची धावपळ. विमान कंपनी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, चित्रसंग्रह मात्र सरकारने स्वतःकडे ठेवला.

तीन गठ्ठे

वही झाली की चित्रांचे तीन गठ्ठे करा: हक्क संपलेली, हक्क जिवंत असलेली, आणि कुणाची ते ठाऊक नसलेली. तिसऱ्या गठ्ठ्यातलं काहीही छापायचं नाही. अनामिक म्हणजे मोफत असं नसतं.

पहिला आणि दुसरा गठ्ठा वेगळा करायला साधी बेरीज पुरते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची.

बडोद्याचीच नावं घेऊ. रविवर्मा १९०६ साली गेले, म्हणजे हक्क कधीचा संपला. कीर्तिमंदिरात भित्तिचित्रं काढणारे नंदलाल बोस १९६६ साली गेले. त्यांची ६० वर्षं ३१ डिसेंबर २०२६ ला पुरी होतात. नारायण श्रीधर बेंद्रे जन्माने इंदूरचे, पण फाइन आर्ट्सची पहिली घडण त्यांच्या हातची. ते १९९२ साली गेले, म्हणून त्यांचे हक्क २०५२ च्या अखेरपर्यंत. भूपेन खख्खर २००३, म्हणजे २०६३ पर्यंत. के. जी. सुब्रमण्यन २०१६, म्हणजे २०७६. फाइन आर्ट्सची सुरुवात १९५० ची, त्यामुळे या गावातल्या बहुतेक खासगी संग्रहांचा मोठा भाग दुसऱ्या गठ्ठ्यातच पडतो. हॉटेलवाल्या शेठची चाळीस वर्षं या हिशेबातूनच आली होती.

इथे एक गाठ आहे आणि बहुतेकांना ती माहीत नसते. चित्र तयार घेतलं असेल तर हक्क चित्रकाराचा. पण पैसे देऊन तुमच्या सांगण्यावरून चित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो काढून घेतला असेल, आणि उलट काही लिहिलेलं नसेल, तर पहिला हक्कदार तुम्ही. कलम १७ मध्ये हे आहे. म्हणून जुन्या फायली उपसा. "आमच्या संस्थापकांचं पोर्ट्रेट, ठरलेली रक्कम अमुक" असं ऑर्डरचं एक पिवळं पडलेलं पत्र सापडलं तर वकिलाच्या चार फेऱ्या वाचतात. शिल्प मात्र या सवलतीत नाही. ऑर्डर देऊन घडवलेल्या शिल्पाचा हक्क शिल्पकाराकडेच राहतो, लिहून घेतला नसेल तर.

उलट गंमत रस्त्यावर. चौकात कायमचं उभं असलेलं शिल्प असेल तर त्याचा फोटो काढून छापायला कायदा मोकळीक देतो. भित्तिचित्राला ती मोकळीक नाही. कीर्तिमंदिराच्या भिंती सर्वांसाठी उघड्या आहेत म्हणून तिथलं चित्र साडीच्या पदरावर घ्यावं, असं होत नाही.

हक्क संपला तरी दार बंद असू शकतं

रविवर्मा मोकळे आहेत, हे ऐकलं की लोक लगेच नेटवरून फाइल उतरवतात. थांबा. चित्र मोकळं असलं तरी ते ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांच्या अटी असतात. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं फतेसिंह संग्रहालय असो की सयाजीबागेतली सरकारी पिक्चर गॅलरी, आत फोटो काढायचा की नाही आणि काढलेला धंद्यासाठी वापरायचा की नाही, हे त्यांच्या लेखी परवानगीवर ठरतं. त्यांच्याकडून फाइल घेतली तर पत्रातल्या अटी तुम्हाला बांधतात, भले चित्रकाराला जाऊन शंभर वर्षं झाली असोत.

माझा सल्ला विचाराल तर आजीच्या देवघरातला जुना ओलिओग्राफ, म्हणजे त्या काळची रंगीत छापील प्रत, शोधा आणि तोच स्कॅन करा. छपाईचे बारीक ठिपके, थोडा विटलेला लाल रंग, हे सगळं पुन्हा छापल्यावर फार देखणं दिसतं. फक्त खाली "रविवर्मा" लिहिलंय म्हणून ते त्यांचंच असेल असं धरून चालू नका. त्या नावावर इतरांनी काढलेली चित्रं कमी नाहीत.

परवानगीचं पत्र

दुसऱ्या गठ्ठ्यासाठी चित्रकाराकडे जा, चित्रकार नसतील तर वारसांकडे. गॅलरीकडे हा हक्क असतोच असं नाही. त्यांनी चित्र विकलं एवढंच. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. धाकट्या भावाने "मी बघतो" म्हटलं आणि अमेरिकेतल्या बहिणीने नोटीस पाठवली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तोंडी परवानगी म्हणजे काहीच नाही. कायद्याला परवाना लेखी लागतो. मी गिऱ्हाइकांना देते तो मसुदा साधारण असा:

"आपल्या 'घाट' या तैलचित्राची (३६ × ४८ इंच, आमच्या संग्रहात क्रमांक १२) प्रतिमा आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापण्याची परवानगी मागत आहोत. कॅलेंडर एकाच वर्षाचं, प्रती १,५००, विक्रीसाठी नाहीत, वाटप फक्त भारतात. चित्र न कापता, रंग न बदलता छापू. चित्राखाली आपलं नाव येईल. छपाईआधी रंगाचा नमुना आपल्याला दाखवू आणि तो आपण मान्य केल्यावरच छापू. मोबदला एकरकमी अमुक रुपये, छपाईआधी. २५ प्रती आपल्याला विनामूल्य. वेबसाइट, पिशव्या, भेटवस्तू यांसाठी ही परवानगी लागू नाही."

शेवटची ओळ स्वतःहून लिहा. चित्रकाराचा विश्वास तिथेच बसतो, आणि पुढच्या वर्षी पिशव्यांसाठी गेलात तर दार उघडतं.

मुदत आणि प्रदेश विसरू नका. पत्रात मुदत नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. फरसाणाचे डबे दुबईला जाणार असतील तर दुबई लिहावी लागेल. आणि हक्क कायमचा घेतलात तरी वर्षभरात वापरला नाही तर तो परत जाऊ शकतो, तसं होऊ नये असं वाटत असेल तर तेही लिहा.

मोबदला किती? ठरलेला भाव कुठेच नाही. फुकट वाटायच्या वस्तूला एकरकमी पैसे द्या, कारण टक्केवारी कशाची काढणार? विकायच्या वस्तूवर टक्केवारी योग्य, पण ती छापील किमतीवर की कारखान्यातून निघालेल्या किमतीवर, हे लिहा. २५० रुपये छापलेला मग दुकानदाराला १४० ला जात असेल तर पाच टक्क्यांत साडेपाच रुपयांचा फरक पडतो. दहा हजार मगांमागे पंचावन्न हजार. भांडणं यावरून होतात, टक्क्यावरून नाहीत.

कापाकापी हा वेगळाच विषय. चित्र विकलं, हक्कही विकला, तरी त्याची मोडतोड करून कलाकाराची अब्रू घालवू नये एवढा अधिकार कलाकाराकडे राहतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं काशाचं भित्तिशिल्प १९७९ साली उतरवून गोदामात टाकलं गेलं. ते सरकारच्या मालकीचं होतं, तरी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मिठाईच्या खोक्याच्या घडीत बाईचं डोकं जातंय आणि हात उरतोय, अशी मांडणी डिझाइनरने आणली की मी हा निकाल आठवते.

कापडावर, टाइल्सवर किंवा भांड्यांवर नक्षी न्यायची असेल तर डिझाइनची नोंदणी आधी करा. ज्या नक्षीची अशी नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, ती कारखान्यात ५० पेक्षा जास्त वस्तूंवर उमटली की तिच्यावरचा कॉपीराइट जातो. मूळ चित्राचं काय होतं यावर कोर्टांत बरेच वाद झालेत, त्यात तुमचं नाव यायला नको. नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वाढतात. पण नक्षी नवी असावी लागते, म्हणून अर्ज करण्याआधी इन्स्टाग्रामवर टाकू नका. उत्साही भाच्यांना हे विशेष सांगा.

फोटो आणि छपाई

काच काढा. काचेतून काढलेल्या फोटोत तुमचाच पंखा दिसतो. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर, तिपाईवर, आयएसओ १००. एका फ्रेममध्ये रंगांची पट्टी ठेवून फोटो घ्या, म्हणजे छापखान्याला लाल म्हणजे कुठला लाल ते कळतं. फाइल छपाईच्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, हवी. १८ × २४ इंचाच्या कॅलेंडरला ५,४०० × ७,२०० पिक्सेल लागतात. मोबाइलवर "मस्त दिसतंय" म्हणजे काही नाही.

नमुना प्रत दिवसाउजेडी, दुकानाच्या ओट्यावर, मूळ चित्राशेजारी धरून बघा. ट्यूबलाइटखाली नमुना पास करून मी स्वतः दोनदा पस्तावले आहे. झळाळी कागद टाळा. तैलचित्राला मॅट कागद शोभतो, आणि कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशेब लिहायलाही तोच बरा.

भिंत, ऊन आणि विश्वामित्री

संग्रहातून पैसा करायचा तर मूळ चित्र टिकायला हवं. जलरंग आणि कागदावरच्या कामाला ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त प्रकाश नको, तैलरंगाला १५० ते २०० चालतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर काहीच लावू नका. दिवसा एसी आणि रात्री बंद, असं ऑफिस चित्राला सर्वांत वाईट. कागद रोज आकसतो आणि रोज फुगतो. माउंट अॅसिडमुक्त घ्या, फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीची ओल सरळ लागत नाही आणि कसर कमी होते.

आता माझी चूक. ऑगस्ट २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात एका कार्यालयाचं रंगकाम चालू होतं, म्हणून त्यांची अकरा चित्रं तळघरात ठेवा असं मीच सांगितलं. आठवड्याभरात विश्वामित्री नदीचं पाणी आलं. नऊ चित्रं वरच्या फळीवर होती, वाचली. दोन जलरंग खाली भिंतीला टेकून उभे होते, ते काचेला चिकटले. मी घाईने एकाची काच ओढली आणि आकाश काचेवर राहिलं. दुसऱ्याला हात लावला नाही. काच खाली ठेवून आडवं धरलं आणि तसंच संवर्धकाकडे नेलं. ते बऱ्यापैकी सुटलं. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: बडोद्यात चित्र तळमजल्याच्या खाली जात नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. आणि विम्याच्या पॉलिसीत पूर शब्द आहे का, ते वाचून घ्या.

चित्र प्रदर्शनाला किंवा दुसऱ्या कंपनीला भाड्याने दिलं तर विमा खिळ्यापासून खिळ्यापर्यंत असावा, म्हणजे तुमच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत चढेपर्यंत. देताना आणि घेताना दोघांच्या सहीने चित्राची अवस्था लिहून काढा, ओरखडा कुठे, रंग कुठे सुटलाय. बाकी नेहमीचा करारनामा.

विकायचं असेल तर

१०० वर्षांहून जुनं चित्र असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो: पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी, विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना, आणि परदेशी पाठवणं बंद. रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस यांच्यासारख्या ठरावीक चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलानिधी आहेत, तीही देशाबाहेर जात नाहीत. १०,००० रुपयांवर मूळ चित्र पुन्हा विकलं तर किमतीतला वाटा मागायचा हक्क चित्रकाराला किंवा वारसांना आहे, जास्तीत जास्त १० टक्के. कराचं तुमच्या सीएला विचारा. मी फ्रेमवाली.

ते हॉटेलवाले शेठ गेल्या वर्षी पुन्हा आले. या वेळी मावशींना बरोबर घेऊन. घाटाचंच चित्र, तेच कॅलेंडर, पत्र सहीनिशी तयार. नमुना प्रत आम्ही तिघांनी ओट्यावर उन्हात धरून पाहिली. मावशींनी चश्मा लावला, वडिलांच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सही राहिली, बरं झालं. पण पाणी जरा जास्त निळं झालंय. बाबा इतका निळा कधी वापरत नसत." नमुना परत छापखान्यात गेला.